तुळई किलोवर घेऊ नये

भाजी किलोवर घ्यावी, रद्दी किलोवर विकावी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इमारतीला लागणारी पोलादी तुळई (आपल्याकडे तिला कुणी तुळई म्हणत नाही म्हणा, गर्डर म्हणतात किंवा नुसतं बीम) किलोवर निवडू नये. आणि ती निवडणाऱ्या इंजिनियरची हुशारी तर किलोवर मुळीच मोजू नये. हे मी आज जरा चिडूनच लिहितोय.

चिडण्याचं कारण आहे एक प्रश्न. मी गेली बरीच वर्षं अमेरिकेत इमारतींच्या पोलादी सांगाड्यांची डिझाइनं करतो. सुट्टीत घरी आलो की लग्नाच्या पंगतीत म्हणा, कुणाच्या वास्तुशांतीला म्हणा, बांधकामाशी संबंध असलेला कुणीतरी भेटतोच. आणि भेटला की विचारतोच, "काय हो, तिकडं पर स्क्वेअर फूट किती किलो स्टील पडतं?" मी म्हणतो, अवलंबून आहे. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मग तोच सांगायला लागतो की अमक्या कन्सल्टंटनं साडेचार किलोत बसवून दिलं, आमचा मात्र साडेपाच मागतोय, आता तो बदलायचाय. जणू काही इंजिनियर म्हणजे गाडी, आणि हा तिचा ॲव्हरेज! खरं तर हा प्रश्न आरसीसीतल्या सळईचा. तिथेही तो फारसा शहाणपणाचा नाही, पण आता आपल्याकडे पोलादी सांगाड्याची कामं वाढली तसा तो उचलून तस्साच्या तसा गर्डरवर आणून बसवला आहे.

या प्रश्नाच्या पोटात दोन समजुती आहेत. हलकी तुळई ती स्वस्त, ही एक. जास्त ताकदीच्या पोलादाची ती जास्त सुरक्षित, ही दुसरी. दोन्ही ऐकायला इतक्या सरळ वाटतात की त्यांना कुणी हटकत नाही. मी आज हटकणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर म्हणाल की हा अमेरिकेची आरती ओवाळायला बसला. हा रोग इकडेही आहे, किंबहुना इकडे तर तुळईच्या नावातच वजन आहे. इथल्या नेहमीच्या तुळईला डब्ल्यू १८×३५ असं काहीतरी म्हणतात. पैकी १८ म्हणजे साधारण १८ इंच उंची आणि ३५ म्हणजे फुटाला ३५ पौंड वजन. इथल्या पोलाद बांधकाम संस्थेच्या मॅन्युअलमध्ये ताकदीनुसार उतरत्या क्रमानं लावलेला तक्ता आहे, आणि त्यात प्रत्येक गटातली सर्वात हलकी तुळई ठळक अक्षरात छापलेली असते. कॉलेजातून नवीन आलेला पोरगा, मग तो ओहायोचा असो की आयआयटीचा, ठळक अक्षरावर बोट ठेवतो आणि पुढच्या तुळईकडे वळतो. आता तर बोटही ठेवावं लागत नाही, सॉफ्टवेअरच 'किमान वजन' या हुकुमावर सगळा मजला अर्ध्या मिनिटात निवडून देतं. निवडून देतं म्हणजे काय, तर चौदा तुळयांना चौदा वेगवेगळी मापं.

आता तुळई म्हणजे करते काय ते बघू. कोकणातल्या सुताराला हे कुणी शिकवावं लागत नाही. तो वासा उभा घालतो, आडवा घालत नाही. लाकूड तेवढंच, वजन तेवढंच, पण आडवा घातला तर कौलांसकट खाली झोळ धरेल. प्लास्टिकची फूटपट्टी दोन वह्यांवर ठेवून दाबून बघा, एकदा सपाट आणि एकदा कडेवर, म्हणजे तुळईच्या शास्त्रातला मोठा भाग आटोपला. माल मध्यापासून जितका लांब नेऊन ठेवाल तितकी ती वाकायला नाराज. म्हणूनच 'आय'चा आकार. वरची आणि खालची पट्टी काम करते, मधली उभी पट्टी त्या दोघींना एकमेकींपासून लांब ठेवते.

याचा परिणाम आकड्यांत बघा. इकडची डब्ल्यू १२×५० ही फुटाला ५० पौंडांची तुळई, आणि डब्ल्यू १८×३५ ही ३५ पौंडांची. पण वाकायला जास्त विरोध कोण करते? ३५ पौंडवाली! सुमारे तीस टक्क्यांनी जास्त. नुसतं वजन सांगून तुळईबद्दल काय कळलं मग? तुमचे किलो पर स्क्वेअर फूटवाले म्हणतील, बघा, हलकीच निघाली ना बरी. थांबा. ती सहा इंच जास्त उंच आहे. त्या सहा इंचांतून एसीचे डक्ट जायचे होते, पाण्याचे पाइप जायचे होते. ते आता खाली आले, छत खाली आलं, किंवा मजल्याची उंची वाढली आणि तितकी भिंत, तितकी काच, तितका जिना वाढला. हा खर्च स्टीलच्या बिलात दिसत नाही, म्हणून तो खर्च नाही असं समजायची पद्धत आहे.

दुसऱ्या समजुतीचा समाचार घ्यायचा तर पोलादाचा एक स्वभाव सांगायलाच हवा, कारण तो इंजिनियर नसलेल्या माणसाला कधीच कुणी सांगत नाही. पोलाद कमी ताकदीचं असो की जास्त ताकदीचं, भार आला की ते सारखंच ताणतं. २५० ग्रेडचं घ्या, ३५० ग्रेडचं घ्या, मोडायला कमीजास्त वेळ लागेल, वाकायला नाही. ताकद वाढते, ताठपणा तोच राहतो. आता आपल्या आयएसएमबीचं उदाहरण घेऊ. आठ मीटरचा गाळा, तीन-तीन मीटरवर गर्डर, वर काँक्रीटचा स्लॅब, फरशी आणि माणसं-सामान धरून दर मीटरला साधारण २६ किलोन्यूटन भार, म्हणजे अडीच टनांच्या थोडं वर. साध्या २५० ग्रेडमध्ये इथे आयएसएमबी ४५० लागतो, मीटरला ७२.४ किलो. कुणीतरी हुशारी करून ३५० ग्रेड घेतो. ताकदीच्या गणितात आता आयएसएमबी ४०० चालून जातो, ६१.६ किलो. पंधरा टक्के वजन वाचलं! कन्सल्टंटची पाठ थोपटली. झोळ किती पडेल बघा: आधीच्या गर्डरला पूर्ण भारात २३ मिलीमीटर, नव्याला ३४. दीडपट. फरशीचे सांधे, खालचं पीओपी, काचेची पार्टिशनं यांना तुमच्या ग्रेडशी काही देणंघेणं नसतं. ती झोळ ओळखतात.

आणि झोळ नुसता दिसत नाही, जाणवतो. एक सोपं सूत्र आहे, कागदाच्या कपट्यावर करण्याजोगं. झोळ मिलीमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, आणि त्यानं १८ ला भागा. जे उत्तर येईल तितक्या वेळा तो मजला सेकंदाला वरखाली व्हायला बघतो. वरच्या ४०० च्या गर्डरवर स्लॅबचं वजन आणि रोजचा थोडाफार भार धरला तर झोळ २० मिमीच्या आसपास येतो, म्हणजे सेकंदाला चार वेळा. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. चार हे दोनाच्या बरोब्बर दुप्पट. झोपाळ्याला दर दुसऱ्या हेलकाव्याला धक्का दिला तरी तो चढत जातो, तसं हे. (स्लॅब आणि गर्डर खुंट्या मारून एकजीव केले तर आकडा सुधारतो, हे खरं. पण खुंट्यांचे पैसे पडतात. त्याकडे येतोच.)

मी इकडे अशा एका ऑफिसात काही महिने बसलो आहे. बोळातून कुणी जाड चपलांचा माणूस गेला की माझ्या मॉनिटरवरची अक्षरं थरथरायची. कोड सांगतो त्या सगळ्या चाचण्यांत तो मजला पास होता, पडण्याची सुतराम भीती नव्हती. पण तिथे बसणाऱ्या बायकांपैकी दोघींनी डोकं दुखतं म्हणून जागा बदलून मागितली. जुन्या ऑफिसांत फायलींची कपाटं असायची, भिंती असायच्या, त्या हा कंप गिळायच्या. आता कागद गेले, भिंती गेल्या, आणि वरून तुळया हलक्या. या विषयावर इथल्या पोलाद संस्थेनं १९९७ साली एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, २०१६ साली ती नव्यानं लिहिली. ताकदीत पास होऊन लोकांच्या डोक्यात जाणारे मजले बरेच असल्याशिवाय काय कुणी पुस्तक लिहितं?

आता पैशांकडे. इमारतीचा पोलादी सांगाडा उभा राहतो तेव्हा अमेरिकेत पोलादाची स्वतःची किंमत ढोबळमानानं एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असते. बाकीचा पैसा जातो कापायला, भोकं पाडायला, वेल्डिंगला, रंगाला, वाहतुकीला, उभारणीला. म्हणजे जिथे एक रुपया आहे तिथे पाच पैसे वाचवायला आपण घाम गाळतो आणि जिथे दोन रुपये आहेत तिकडे बघतसुद्धा नाही. हलकी तुळई घेतली की तिची मधली पट्टी पातळ, मग जोडाच्या जागी तिला जास्तीची पट्टी वेल्ड करून आधार द्या. हलका खांब घेतला की तुळई जिथे येऊन भिडते तिथे त्याच्या पोटात चार पट्ट्या बसवा. त्या पट्ट्या कापायच्या, घासायच्या, हातानं वेल्ड करायच्या, तपासायच्या. एक माप वरचा खांब घेतला असता तर हे सगळं वाचलं असतं, पण मग किलो वाढले असते ना!

खुंट्यांचं तेच. काँक्रीटचा स्लॅब आणि तुळई एकत्र काम करावी म्हणून तुळईच्या डोक्यावर पाऊण इंची पोलादी खुंट्या मारतात. इकडे ठोकताळा असा आहे की एक खुंटी बसवायचा खर्च साधारण दहा पौंड पोलादाइतका. तीस फुटांची तुळई घ्या. फुटाला पाच पौंड कमी केले, दीडशे पौंड वाचवले, म्हणजे पंधरा खुंट्यांचे पैसे. त्या बचतीपायी वीस खुंट्या जास्त माराव्या लागल्या तर काय कमावलं? सॉफ्टवेअरच्या तक्त्यात वजन हिरव्या अक्षरात कमी झालेलं दिसतं, तेवढं समाधान.

आणखी एक गंमत, जी साइटवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ओलं काँक्रीट ओतायला लागलं की लवचिक तुळई खाली जाते. गवंड्याला तर वरची पातळी सपाट हवी, त्यामुळे तो खड्ड्यात आणखी काँक्रीट भरतो. त्या वजनानं ती आणखी खाली. तो आणखी भरतो. संध्याकाळी हिशेब लागतो की मिक्सरच्या गाड्या जास्त आल्या. काही तुळया म्हणून कारखान्यातच मुद्दाम वरच्या बाजूला किंचित वाकवून आणतात, पण फार पातळ किंवा आखूड तुळई धड वाकवताही येत नाही. पोलाद वाचवलं आणि काँक्रीट विकत घेतलं.

इथे माझी एक जुनी तक्रार नोंदवून घ्या. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत तुळई निवडतो एक इंजिनियर आणि तिचा जोड डिझाइन करतो फॅब्रिकेटरचा दुसरा इंजिनियर. पहिल्यानं आराखड्यावर फक्त एवढं लिहायचं असतं की या टोकाला इतका भार येतो. पण ते लिहायचा कंटाळा. म्हणून कोपऱ्यात एक ओळ ठोकून देतात, 'जोड तुळईच्या एकूण क्षमतेच्या निम्म्या भारासाठी करावा.' आखूड तुळईची तक्त्यातली क्षमता प्रचंड असते, प्रत्यक्ष भार चिमूटभर. मग दुसरा बिचारा सहा फुटी तुळईला हत्ती टांगता येईल असा जोड करतो. आणि जिथे खांबाजवळ खरोखर मोठा एकवटलेला भार आहे, तिथे हीच ओळ कमी पडू शकते. तुळईच्या निवडीत पाच पौंड वाचवणारा हाच गृहस्थ! ही सवय आपल्याकडे आयात करू नका, बाकी हवं ते करा.

जोडावरून आठवलं म्हणून सांगतो. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत वरून टांगलेले पादचारी पूल एकावर एक कोसळले आणि ११४ माणसं गेली. पुलांना आधार देणारी पेटीसारखी तुळई दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली होती. मूळ आराखड्यात वरपासून खालपर्यंत एकच सळई होती. करायला सोपं पडावं म्हणून एकीच्या दोन केल्या, आणि खालच्या पुलाचा भार वरच्या पुलाच्या तुळईवर येऊन तिथल्या नटवरचा भार दुप्पट झाला. सळई नटासकट तुळई फाडून बाहेर आली. त्या बदलाचं गणित कुणी केलंच नव्हतं. तुळई तक्त्यातून घेतली जाते, माणसं मरतात ती जोडावर.

पण माझ्या मते तुळईच्या निवडीबद्दल सगळ्यात मोठा धडा १७ जानेवारी १९९४ चा आहे. पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात ६.७ चा भूकंप झाला. पोलादी चौकटींच्या इमारती उभ्या राहिल्या, एकही पडली नाही, आणि आमच्या धंद्यातल्या लोकांनी कॉलर ताठ केली. मग कुठे लिफ्टच बसेना, कुठे दार लागेना, म्हणून आतलं आवरण उचकटून बघितलं, तर तुळई खांबाला मिळते तिथला वेल्ड तडकलेला. काही ठिकाणी तडा खांबाच्या आत शिरलेला. असं एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त इमारतींत निघालं. बरोबर एक वर्षानं, १७ जानेवारी १९९५ ला, जपानात कोबेला भूकंप झाला, आणि तिथेही असे जोड तडकले.

कारणं अनेक होती. वेल्डचा माल ठिसूळ, वेल्ड करताना खाली लावलेली पट्टी तशीच ठेवलेली, वगैरे. पण त्यातलं एक कारण आपल्या विषयाचं आहे. भूकंपात पोलादी चौकट कशी वाचते? तुळई टोकाजवळ वाकते, लवते, पुन्हा लवते आणि भूकंपाची ताकद गिळून टाकते. खांब आणि वेल्ड शाबूत राहतात. म्हणजे तुळई हा फ्यूज. आता डिझाइन करणाऱ्यानं मागवलं होतं ए ३६ पोलाद, म्हणजे ज्याची लवायची सुरुवात ३६ ला होते (हजार पौंड प्रति चौरस इंच, एककं सोडून द्या). कारखान्यांनी दिलं ते बऱ्याचदा पन्नाशीच्या आसपास जाणारं, कारण भंगार वितळवून माल करणाऱ्या नव्या भट्ट्यांतून तसंच निघत होतं, आणि नियमात खालची मर्यादा होती, वरची नव्हतीच. सगळे खूश. ३६ चे पैसे देऊन पन्नासचा माल, फुकटात ताकद!

आमच्या लहानपणी वीज वारंवार जायची तेव्हा काही घरांत फ्यूजची तार सारखी उडते म्हणून जाड तांब्याची तार घालत. मग फ्यूज उडायचा नाही, भिंतीतली वायर जळायची. नॉर्थरिजमध्ये तेच झालं. तुळई लवायला तयार नव्हती, म्हणून वेल्ड तुटला.

त्यानंतर सहा वर्षं संशोधन चाललं, आणि १९९८ मध्ये ए ९९२ हे नवं पोलाद आलं. अमेरिकेत आज बहुतेक डब्ल्यू तुळया याच पोलादाच्या असतात. त्याच्या नियमात खालची मर्यादा ५० आहे, आणि वरचीही आहे, ६५. याहून जास्त ताकदवान निघालं तर नापास. किलोवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. इतकंच नाही, भूकंपाच्या प्रदेशात आता तुळई खांबाजवळ दोन्ही पट्ट्यांच्या कडेनं गोलाकार कापून मुद्दाम कमजोर करतात, म्हणजे लवायचं तर तिथेच लव. त्या आकाराला इकडे 'कुत्र्याचं हाडूक' म्हणतात. पैसे देऊन घेतलेलं पोलाद पैसे देऊन कापून टाकायचं, आणि ते वजन भंगारात! कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणाऱ्या माणसांना तरी यात वेडेपणा वाटू नये.

आता तुमचं उत्तर मला माहीत आहे. "अहो, तुमच्याकडे मजुरी महाग. आमच्याकडे मजुरी स्वस्त आणि स्टील महाग. आम्ही वजन वाचवलंच पाहिजे." हा मुद्दा खोटा नाही. अँगल जोडून केलेली कैची भारतात परवडते, इकडे परवडत नाही. आयएसएमबी ६०० ला संपतो, त्यापुढे प्लेटा जोडूनच गर्डर करावा लागतो, हेही खरं. लांब गाळ्याच्या छपराचं नाहीतर पुलाचं बहुतेक ओझं स्वतःचंच असतं, तिथे वजन कमी करणं हेच डिझाइन. आणि वजन प्रामाणिकपणे वाचवण्याचे रस्तेही आहेत. आयएसएमबीच्या पट्ट्या आतल्या बाजूनं उतरत्या असतात, बोल्ट नीट बसायला तिरपी वॉशर लागते. समांतर पट्ट्यांची तुळई घ्या. ४५७×१५२×५२ या ब्रिटिश मापाची तुळई मीटरला ५२ किलोंत आयएसएमबी ४०० पेक्षा थोडी जास्तच ताठ आहे. उंची पन्नास मिलीमीटर जास्त, एवढंच. समांतर पट्ट्यांच्या तुळया भारतात मिळतात, त्यांचं मानकही आहे, पोलादी बांधकामाचा आयएस ८०० सुद्धा २००७ मध्ये नव्यानं लिहिला गेला. सवय मात्र आजोबांची.

पण मजुरी स्वस्त म्हणजे जोड स्वस्त, हे मी मानणार नाही. ज्या वेल्डरला रोजच्या टनावर पैसे मिळतात, डोक्यावर ऊन, खाली बांबूची परात, आणि तपासायला कुणी येत नाही, त्याच्या वेल्डवर तुम्ही अख्खा मजला टांगता. तो वेल्ड स्वस्त नाही, फक्त त्याचं बिल अजून आलेलं नाही. अशा ठिकाणी शहाणपण कशात आहे? चार किलो जास्त घालून जोड साधे, सारखे आणि कमी करण्यात. चौदा मापांऐवजी चार मापं. साइटवर वेल्डऐवजी बोल्ट. आपल्याकडे हे उलट जास्त गरजेचं आहे.

मुळात खोट कंत्राटाच्या पद्धतीत आहे. फॅब्रिकेटरला पैसे टनावर. म्हणजे त्याचा फायदा जड कामात. कन्सल्टंटची वाहवा हलक्या कामात. आणि जोडाचे पैसे कुणालाच नाहीत, म्हणून तो कुणाचाच नाही. इकडे बहुतेक कामं एकरकमी बोलीवर जातात. फॅब्रिकेटर स्वतःच येऊन सांगतो, साहेब, ही तुळई एक माप वर घ्या, मी पैसे कमी करतो, माझं वेल्डिंग वाचतं. टनावर पैसे घेणारा असं कधी म्हणेल का? तो जड तुळई सुचवेल जरूर, पण बिल वाढवून. आणि मालक म्हणेल, मला फसवतोय. बिचारा कधी खरं बोलला तरी कुणाला पटायचं नाही.

माझ्या एका मित्रानं चाकणजवळ कारखान्याची शेड बांधली. तीन जणांकडून भाव घेतले, सर्वात कमी वजनात ज्यानं बसवलं त्याला काम दिलं. शेड उत्तम उभी आहे, वाऱ्यापावसात हललेली नाही, त्या फॅब्रिकेटरला मी दोष देत नाही. ज्या भारासाठी सांगितलं त्या भारासाठी त्यानं शेवटच्या किलोपर्यंत घासून दिली. आता वीजबिल वाढलं म्हणून मित्राला छपरावर सोलर पॅनेल लावायची आहेत. चौरस मीटरला दहा-पंधरा किलो ओझं, शिवाय वारा खालून शिरून उचलणार ते वेगळंच. सोलरवाल्यानं विचारलं, छपराचं डिझाइन दाखवा, किती भार धरलाय? मित्रानं फाइल काढली. त्यात वजनकाट्याच्या पावत्या होत्या, प्रत्येक ट्रकची वेगळी, किलोपर्यंत अचूक. छपरावर काय चालेल याचा एकही कागद नव्हता. आता एक इंजिनियर शिडी लावून एकेक राफ्टर आणि एकेक पर्लिन टेपनं मोजतोय, त्याचे पैसे दिवसावर आहेत, आणि मित्र मला फोनवर विचारतोय की हे काम टनावर करून देणारा कुणी माहीत आहे का.